छोटा ट्यूब अ‍ॅम्प घ्यायला निघताना पेडलची पिशवी विसरू नका

पहिला ट्यूब अ‍ॅम्प मी कानांनी नाही, डोळ्यांनी घेतला. ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे काचेच्या नळ्यांवर (ट्यूबवर) चालणारी, गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. माझा होता ५ वॉटचा, ८ इंची स्पीकरचा, दिसायला आजोबांच्या रेडिओसारखा. घरी दार लावून एकट्यानं वाजवला की मन भरून जायचं. मग भुसावळला एका लग्नाच्या ऑर्केस्ट्राची तालीम लागली. ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड आणि कोपऱ्यात मी. अहिराणी गाण्याचा ठेका सुरू झाला. माझा आवाज पोचेना म्हणून व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे नेला आणि सोलोला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज जरा फाडणारं पायाखालचं पेडल, दाबलं. आवाज वाढला नाही, नुसता चिखल झाला. कीबोर्डवाल्यानं मान वळवून विचारलं, "भो, तुनी गिटार कोठे गयी?"

अ‍ॅम्पमध्ये काही बिघाड नव्हता. त्याला जे जमत नाही ते मी त्याच्याकडून मागत होतो. त्यानंतर दोन अ‍ॅम्प बदलले तेव्हा कुठे गणित बसलं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्यांच्याकडे दोन-चार पेडल आहेत आणि आता एक छोटा ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचं मनात आहे, त्यांचा एवढा फेरा वाचावा म्हणून हे लिहितोय.

आधी एक शब्द: हेडरूम

अ‍ॅम्प आलेला सिग्नल मोठा करतो. एका हद्दीपर्यंत तो आहे तसाच मोठा होतो. हद्द ओलांडली की ट्यूब आणखी देऊ शकत नाही, लाटेचे माथे दबतात आणि आवाज फाटू लागतो. ट्यूबचं हे फाटणं कानाला गोड लागतं, म्हणून तर लोक एवढे पैसे मोजतात. पण ती हद्द येईपर्यंत जी मोकळी जागा असते तिला हेडरूम म्हणतात, आणि पेडलवाल्याला विकत घ्यायची असते ती हीच जागा.

कारण सरळ आहे. पेडल सिग्नलला रंग देऊन पुढे पाठवतं. अ‍ॅम्प स्वच्छ असेल तर तो रंग स्पीकरपर्यंत तसाच जातो. अ‍ॅम्प आधीच फाटत असेल तर रंगावर रंग चढतो, आणि डिले (प्रतिध्वनी) आणि कोरस (एका गिटारच्या अनेक भासवणारं) यांचे बारकावे तर पार बुडतात. काही जण अ‍ॅम्प मुद्दाम फाटण्याच्या काठावर ठेवून ओव्हरड्राइव्हनं त्याला धक्का देतात. तीही एक जुनी, चांगली रीत आहे. पण पाच तऱ्हेची पेडल असलेल्या नवख्यानं स्वच्छ अ‍ॅम्पपासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

पहिली पायरी: कुठे वाजवणार ते ठरवा

वॉटच्या आकड्यानं सगळेच फसतात. वॉट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलनं वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. गिटारचा बरा स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ९७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. म्हणजे ५ वॉटला सुमारे १०४ आणि १५ वॉटला सुमारे १०९. फरक पाचच डेसिबलचा! मग १५ वॉट कशाला? जास्त जोरासाठी नाही, तर त्याच जोराला फाटू नये म्हणून. ढोलकी-ड्रमसोबत जो आवाज लागतो तिथे ५ वॉटचा अ‍ॅम्प शेवटच्या श्वासावर असतो, १५ वॉटच्याकडे थोडा दम उरलेला असतो.

आता उलटी बाजू. १ वॉटसुद्धा अपार्टमेंटमध्ये कमी नाही. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र धरली जाते १० ते सकाळी ६ अशी. त्यामुळे "घरासाठी १ वॉटचा घेतो, कुणाला त्रास नको" हा हिशेब चुकतो. घरात कुठलाही ट्यूब अ‍ॅम्प हळूच वाजवावा लागणार, मग हळू वाजवल्यावर चांगला लागतो तो घ्या.

माझा हिशेब असा. फक्त घरी आणि रेकॉर्डिंगला: ५ वॉट चालेल, पण स्पीकर १० किंवा १२ इंची बघा. मित्रांबरोबर तालीम आणि छोटे कार्यक्रम: १२ ते २० वॉट. मोठा मांडव असेल तरी तेवढेच, कारण तिथे अ‍ॅम्पपुढे माइक लागतो आणि गर्दीला ऐकू जातं ते साउंडवाल्याच्या पेट्यांतून. अ‍ॅम्प तुम्हाला स्वतःला ऐकू आला म्हणजे झालं.

एक खुबी लक्षात ठेवा. पुष्कळ अ‍ॅम्पवर पॉवर कमी करायचा खटका असतो, १५ वरून १ वॉट वगैरे. विक्रेता तो कौतुकानं दाखवतो. पण तो खटका हेडरूमच कापतो. अ‍ॅम्प लवकर फाटावा असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी ती सोय आहे. पेडलवाल्यानं पॉवर पूर्ण ठेवायची आणि व्हॉल्यूम कमी करायचा.

दुसरी पायरी: ट्यूबची नावं ओळखा

सगळं पाठ करायची गरज नाही. अ‍ॅम्पमध्ये पुढे छोट्या प्रीअ‍ॅम्प ट्यूब असतात, बहुतेक १२एएक्स७, त्यांनाच ईसीसी८३ म्हणतात. मागे मोठ्या पॉवर ट्यूब असतात. छोट्या अ‍ॅम्पमध्ये प्रामुख्यानं दोन जाती भेटतात: ईएल८४ आणि ६व्ही६. एकच पॉवर ट्यूब असेल तर साधारण ५ वॉट, जोडी असेल तर १२ ते २० च्या घरात. पेडलसाठी जोडीवाला घ्या.

बाजारातली उदाहरणं. फेंडरचा ब्लूज ज्युनियर १९९५ पासून चालत आलाय: १५ वॉट, ईएल८४ ची जोडी, १२ इंची स्पीकर, वजन १४ किलोच्या आसपास. मोटरसायकलवर मागे धरून बसणारा मिळाला तर नेता येतो. फेंडरचाच प्रिन्स्टन रिव्हर्ब ६व्ही६ च्या जोडीचा, १० इंची स्पीकरचा. त्याचा स्वच्छ आवाज ऐकला की सोडवत नाही, पण किंमतही तशीच. व्हॉक्स एसी१५ चा जन्म १९५८ चा, ईएल८४ ची जोडी, आवाजात वरच्या बाजूची किणकिण. त्याचं वजन २२ किलोकडे जातं, एसटीच्या गर्दीत विचार करून घ्या. पेडल लावायची तर त्याचा नॉर्मल चॅनेल वापरून बघा. टॉप बूस्ट या दुसऱ्या, जास्त तिखट चॅनेलवर फझ (आवाज पार खरखरीत करणारं पेडल) कधीकधी कानात खिळा मारल्यासारखं लागतं. लेनीच्या कब मालिकेत १५ वॉटचे, १२ इंची स्पीकरचे आणि इफेक्ट्स लूप असलेले अ‍ॅम्प आहेत. मार्शलचा डीएसएल२० ईएल३४ या आणखी मोठ्या पॉवर ट्यूबच्या जोडीवर चालतो आणि त्यालाही लूप आहे.

हा इफेक्ट्स लूप म्हणजे प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प यांच्यामध्ये पेडल घुसवायची वाट. डिस्टॉर्शन अ‍ॅम्पचंच वापरणार असाल तर डिले-रिव्हर्ब लूपमध्ये जायला हवेत, नाहीतर प्रतिध्वनीही फाटून येतो. पण डिस्टॉर्शन पेडलचं आणि अ‍ॅम्प स्वच्छ असेल तर सगळी पेडल ओळीनं पुढच्या इनपुटमध्ये लावली तरी छान चालतात. ब्लूज ज्युनियरला लूप नाही, म्हणून तो नाकारायचं कारण नाही. लूपसाठी जास्त पैसे मोजण्याआधी आपण अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन खरंच वापरणार का, हे स्वतःला विचारा.

आणि हो, पेडलशी जमायला ट्यूबच लागते असंही नाही. रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ चा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प, आणि पेडलसाठी जगभर त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतात. खिसा आज हलका असेल तर आपल्या भारतीय स्ट्रेंजरचा साधा अ‍ॅम्प अनेक पट स्वस्तात येतो. वर्षभर त्यावर वाजवा, काही बिघडत नाही.

तिसरी पायरी: आपली पेडल काय खातात ते बघा

सगळ्यात मजेचा भाग हाच, आणि नेमका यावर कुणी बोलत नाही. प्रत्येक पेडलचा आणि प्रत्येक अ‍ॅम्पचा स्वभाव वेगळा, आणि भांडण होतं ते बहुतेक मिड्सवरून. मिड्स म्हणजे मधले सूर, जिथे गिटार बँडमध्ये ऐकू येते.

फेंडरच्या जातीच्या अ‍ॅम्पमध्ये मिड्स खोल गेलेले असतात. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलला ७०० हर्ट्झच्या जरा वर उंचवटा आहे आणि तो खालचा बेसही कापतो. म्हणून ही जोडी इतकी वर्षं टिकली: एकाचा खड्डा दुसऱ्याच्या उंचवट्यानं भरतो. आपल्याकडच्या नवख्यांकडे मात्र बहुतेक वेळा बॉसचं केशरी डीएस-१ हे डिस्टॉर्शन पेडल असतं, १९७८ पासूनचं, स्वस्त आणि मजबूत. त्याचा आवाज मधे खोलगट. बिग मफ हे फझ पेडलही तसंच. खोलगट पेडल खोलगट अ‍ॅम्पला लावलं की घरी एकट्यानं वाजवताना भव्य वाटतं आणि बँडमध्ये गिटार गायब होते. तुमच्याकडे अशी पेडल असतील तर अ‍ॅम्पवर मिड्सचं स्वतंत्र बटण हवंच. नसेल तर ट्रेबल आणि बेस दोन्ही खाली आणा, मिड्स आपोआप वर आल्यासारखे वाटतात.

झूमसारखं मल्टिइफेक्ट, म्हणजे एकाच डबीत अनेक पेडल, असेल तर एक काम न विसरता करा. त्यातला अ‍ॅम्प मॉडेल आणि कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची नक्कल) बंद करा. ते हेडफोन आणि मिक्सरसाठी असतं. खऱ्या अ‍ॅम्पच्या पुढे ते चालू ठेवलं तर पांघरुणाखालून वाजवल्यासारखं येतं, आणि लोक शिव्या अ‍ॅम्पला घालतात.

चौथी पायरी: दुकानात काय करायचं

मी खान्देशातल्या दुकानांत ट्यूब अ‍ॅम्प मांडलेला पाहिलेला नाही. मुंबई किंवा पुणे गाठायचं. रात्रीच्या गाडीनं जायचं, दिवसभर वाजवून बघायचं, रात्री परत. सोबत आपली गिटार, आपली पेडल, आपल्या केबल आणि आपला अडॉप्टर. दुकानातल्या लाखाच्या गिटारवर कुठलाही अ‍ॅम्प गोड लागतो.

मग असं करा. पेडल सगळी बंद, मास्टर व्हॉल्यूम असेल तर तो वर, पहिला व्हॉल्यूम खाली. जोरात कॉर्ड मारत पहिला व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. कॉर्डच्या कडा जिथे खरखरू लागतात तिथे थांबा आणि जरासं मागे या. ही झाली तुमची हद्द. ती बँडच्या आवाजाच्या खाली येत असेल तर हा अ‍ॅम्प तुमचा नाही, कितीही देखणा असो. पुष्कळ अ‍ॅम्पचा बहुतेक जोर बटणाच्या ४-५ पर्यंतच येऊन जातो. पुढे १० पर्यंत फक्त फाटणं वाढतं. "अजून अर्धं बटण बाकी आहे" या वाक्यावर विसंबू नका.

दुसरी परीक्षा बूस्ट पेडलची, म्हणजे सिग्नल नुसता मोठा करणाऱ्या पेडलची. नसेल तर ओव्हरड्राइव्हवर गेन शून्याकडे आणि लेव्हल वर. हद्दीच्या थोडं खाली वाजवताना ते दाबा. आवाज मोठा झाला? म्हणजे हेडरूम शिल्लक आहे, सोलो ऐकू जाईल. आवाज तेवढाच राहून नुसता जाड आणि दबका झाला? म्हणजे संपलं. माझ्या पहिल्या अ‍ॅम्पवर ही दोन मिनिटांची परीक्षा केली असती तर भुसावळची शोभा टळली असती.

मग एकेक पेडल लावा. फझ आणि डिस्टॉर्शनला ट्रेबल किती टोचतो ते ऐका. शेवटी डिले लांब ठेवून एक कॉर्ड मारा आणि चौथा-पाचवा प्रतिध्वनी अजून स्वच्छ ऐकू येतो का बघा. सगळं अगदी हळू आवाजातही एकदा करा, कारण घरी वर्षातले बहुतेक दिवस तुम्ही तसंच वाजवणार आहात.

पाचवी पायरी: आपल्याकडची लाइट

मोठ्या शहरातले लेख हा भाग सोडून देतात. आपल्याला सोडता येत नाही.

पहिली गोष्ट अर्थिंग. ट्यूब अ‍ॅम्पच्या पोटात ३०० ते ४०० व्होल्ट डीसी खेळत असतात, आणि गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. तो पत्रा जमिनीला जोडून ठेवणारी वायर म्हणजे प्लगची ती जाड तिसरी पिन. गुणगुण कमी होते म्हणून ती पिन कापणारे महाभाग मी मांडवात पाहिलेत. असं कधीही करू नका. आत काही बिघडलं तर विजेला मग तुमच्या हातातून जाण्याशिवाय वाट राहत नाही. जुन्या घरांत आणि मळ्यातल्या खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायरच नसते. वायरमनकडून एकदा तपासून घ्या. मांडवात अ‍ॅम्प आणि गायकाचा मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा. वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतले तर हात तारेवर आणि ओठ माइकला लागताच झटका बसू शकतो.

दुसरी गोष्ट व्होल्टेज. ट्यूबच्या हीटरला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या वातीला, ६.३ व्होल्ट लागतात आणि साधारण दहा टक्के वर-खाली चालतात. २३० च्या जागी २०० आले की हीटरला साडेपाचच मिळतात, म्हणजे मर्यादेच्या खाली. अ‍ॅम्प मलूल होतो, हेडरूमही घटते. संध्याकाळी पंखा मंदावणाऱ्या गावात, किंवा लग्नातल्या जनरेटरवर जिथे डीजेचा बेस आणि लाइटिंग सोबत असतात, तिथे चांगला स्टॅबिलायझर लावा. १५ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प बोर्डातून त्याच्या चार-पाच पट वीज ओढतो, तेवढी क्षमता बघून घ्या. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर अ‍ॅम्प घों-घों करतो. तो अ‍ॅम्पचा दोष नाही, प्युअर साइन वेव्हवर गप्प होतो.

तिसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो आणि ट्यूब स्वतःच तापणारी वस्तू. अ‍ॅम्पची पाठ भिंतीला चिकटवू नका, वर चादर टाकून वाजवू नका, आणि दुपारी गाडीच्या डिकीत ठेवून रसवंतीवर तासभर बसू नका.

पेडलचा अडॉप्टरही इथेच सांगतो. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतात आणि आतली पिन निगेटिव्ह असते. रस्त्यावरचा स्वस्त अडॉप्टर स्वच्छ अ‍ॅम्पवर जास्तच गुणगुणतो, कारण स्वच्छ अ‍ॅम्प काही लपवत नाही.

सहावी पायरी: सेकंडहँड असेल तर

मागची पाटी आधी वाचा. अमेरिकेतून कुणाच्या पुतण्यानं आणलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असू शकतो. तो सरळ आपल्या बोर्डात लावला तर फ्यूज उडाला तर नशीब. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. मी तरी २३० चाच घेतो.

चालू करण्याआधी स्पीकरची वायर लावलेली आहे ना बघा. स्पीकरविना ट्यूब अ‍ॅम्प वाजवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो आणि तो महाग भाग आहे. खोलीत अंधार करून पॉवर ट्यूब बघा. आतली केशरी वात आणि काचेजवळची निळसर झाक ठीक आहे, पण आतला राखाडी पत्रा लाल झालेला दिसला तर लगेच बंद करा आणि पैसे खिशात ठेवा. प्रीअ‍ॅम्प ट्यूबवर पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज घुमला तर ती ट्यूब बदलावी लागेल. तेवढ्यानं सौदा मोडू नका, भाव पाडा.

दुरुस्तीचा विचार आजच करा. पॉवर ट्यूबमधून शांत असताना किती करंट वाहायचा, त्या जुळणीला बायस म्हणतात. एसी१५ सारख्या कॅथोड बायस असलेल्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूबची जुळलेली जोडी बदलली की झालं. प्रिन्स्टनसारख्या फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये बायस जाणकाराकडून तपासून घ्यावा लागतो. जाणकार दोनशे-चारशे किलोमीटरवर असेल तर हा फरक मोठा आहे. मात्र गावातल्या म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकला कमी लेखू नका. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स एकेकाळी इथेच ट्यूब बनवायची. ते वॉल्व्ह (म्हणजे ट्यूबच) घालून रेडिओ जिवंत करणारे हात अजून काही गल्ल्यांत आहेत, आणि बंद अ‍ॅम्पच्या कपॅसिटरमध्येही वीज साठून राहते हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. तुम्ही स्वतः मात्र मागचा पत्रा उघडू नका.

घरी आणल्यावर

गाडीतून आलेला अ‍ॅम्प तासभर तसाच राहू द्या. स्टँडबायचा वेगळा खटका असेल तर आधी पॉवर, मग अर्ध्या मिनिटानं स्टँडबाय. टोनची सगळी बटणं मध्यावर, रिव्हर्ब अगदी थोडा. पेडल बंद ठेवून दुकानात शोधली होती ती हद्द पुन्हा शोधा. खोली बदलली, व्होल्टेज बदललं, जागा थोडी सरकलेली असेल. तिथे बटणाच्या शेजारी पांढऱ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. प्रत्येक पेडलची लेव्हल अशी लावा की दाबल्यावर आवाज आधीपेक्षा किंचितच मोठा वाटेल, आणि तिथेही एकेक खूण करा. वऱ्हाडी उठून नाचायला लागलेले असतात, मांडवातले दिवे लाल-हिरवे होतात, आणि बटणावरचे आकडे तर दिसतच नाहीत. तेव्हा तो पांढरा तुकडा दिसतो.